दहापर्यंत

माझी बस छोटी. सहा मुलं, व्हीलचेअरची एक लिफ्ट,
आणि मागच्या सीटवर मार्लिस:
मदतनीस, पगार तासावर, वय एकेचाळीस.
डुलुथच्या उतारावर ब्रेक जपून दाबावा लागतो.
खाली सुपिरियर सरोवर, त्यात खनिजाची जहाजं
बंदरात शिरायला ताटकळलेली.

जानेवारीपासून तिच्या मांडीवर कागद आहेत.
विशेष शिक्षणातली मास्टर्स पदवी.
तीन विद्यापीठं, तीन रंगांची फोल्डरं
आणि एक पेन्सिल, जिचं टोक
एमेटनं कधीच चावून टाकलंय.

"दोन वर्षं की तीन?" ती आरशातून विचारते.
मी काय सांगणार, मी ड्रायव्हर.
पण सिग्नल लांबतो आणि हिशेब सुरू होतो.
पहिलं घरबसल्या, स्क्रीनवर. फी कमी,
प्रात्यक्षिकाची शाळा मात्र तुमची तुम्ही शोधा.
दुसरं मिनिॲपोलिसला, दीडशे मैल, दर शनिवारी,
बर्फ पडला तरी हजेरी.
तिसरं इथंच, टेकडीवर. पण दिवसा.
म्हणजे नोकरी सोडा.
म्हणजे एमेटला सोडा,
हे ती बोलत नाही. खिडकीची वाफ बाहीनं पुसते.

अर्जात एक रकाना होता: कोणत्या मुलांसाठी?
ऑटिझम, बहिरेपण, अंधत्व, वर्तन.
एकाच चौकटीत खूण करा.
"आणि जी पोरं दोन चौकटींमधल्या रेघेवर बसतात ती?"
तिची पेन्सिल रेघेवरच राहिली.
मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला तेव्हा कळलं,
सिग्नल केव्हाचा हिरवा होता.

एमेट नऊ वर्षांचा. बोलत नाही.
त्याला विचारायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं.
सातला बहुतेकांचा धीर सुटतो,
ते पुन्हा विचारतात, मोठ्यानं,
जणू तो पलीकडच्या काठावर उभा आहे,
मग त्याला बिचाऱ्याला तळापासून परत चढावं लागतं.
मार्लिस थांबते.
आठला त्याचा अंगठा हलतो,
नऊला चित्रांच्या पाटीवरच्या दुधाशी येतो.
किंवा येत नाही.
हे तिला कुठल्या वर्गात शिकवलं नाही.
त्याच्या आईनं दाखवलं, दारात उभ्या उभ्या,
एका हातात त्याचा बूट.

मार्चमध्ये तिनं तिन्हीकडे फोन केले,
गॅरेजात, मी चाकांच्या साखळ्या काढत होतो.
प्रश्न एकच:
"उत्तर येत नाही तेव्हा काय करायचं,
हे तुम्ही कधी शिकवता?"
पहिल्यानं तत्काळ सांगितलं: दुसरं सत्र, तीन क्रेडिट.
दुसरीनं लिंक पाठवली.
तिसरा, कुणी हालव्हरसन नावाचा म्हातारा प्राध्यापक,
गप्प.
फोन तुटला वाटून मी वर पाहिलं.
तिचे ओठ मोजत होते.
नऊला तो म्हणाला,
"खरं सांगू? आम्ही शिकवत नाही. तुम्ही काय करता?"

ती हसली नाही, रडलीही नाही.
फोन खिशात घालून म्हणाली, "झाली का पंचाईत."
तिसरं म्हणजे दिवसाचं.
मग कर्जाचे कागद, मग बहिणीशी भांडण,
मग जूनमध्ये केक, ज्यावर तिचं नाव चुकलं होतं.

सप्टेंबरपासून मागच्या सीटवर कॉर्बिन असतो.
पोरगा चांगला आहे, बूट नीट घालतो सगळ्यांना.
विद्यापीठाच्या फाट्यावर एमेट काच टोकरतो.
त्याचा लगेच अर्थ लावू नये,
असं मार्लिसच म्हणायची.
कॉर्बिन त्याला काहीतरी विचारतो
आणि सहाला तोंड उघडतो.
मी स्टिअरिंगवरून बोटं उचलतो, आरशात दिसतील अशी
(बस तेव्हा उभी असते, हे नोंदवून ठेवा):
सात.
आठ.