थकबाकी

मे महिन्यात सरकारचे तीस डॉलर यायचे थांबले.
पत्र आलं, दोनच परिच्छेदांचं.
तेव्हापासून थर्मन वही उघडतो
आणि नुसता पेन्सिलीला टोक काढत बसतो.

केंटकीच्या या खोऱ्यात आमची एकेचाळीस घरं.
टेकडीवर एक टॉवर,
त्या जागेचं भाडंही आम्हीच थकवलेलं.

एका बटणाचं काम आहे, मी म्हणते. दाब.
तो दाबतो. हेन्सली, दोन महिने.
रॅटलिफ, चार.
ओमा स्टॅम्परपाशी बोट थबकतं.
दर गुरुवारी तिचा डॉक्टर पडद्यावर येतो,
लेक्सिंग्टनहून, तिची धाप ऐकायला.

बिलाच्या पाकिटात तिनं घातलेत
सात डॉलर आणि चिठ्ठी:
पायरीवर शेंगांच्या बरण्या ठेवल्यात,
हिशेबात धरू नका.

धरू नका म्हणजे धरा,
एवढं आम्हालाही कळतं.
नऊ बरण्या. कुठल्या रकान्यात लिहू?

काल रात्री अँटेनांवर बर्फ साचला.
थर्मन हातोडी घेऊन वर चढला,
उतरल्यावर म्हणाला,
रॅटलिफच्या बाजूची तबकडीही झोडून आलो.
सवयीनं.

मी एक बरणी उघडली.
मीठ जरा जास्तच पडलंय.