अकरा किलोमीटर, उभे

चेन्नई ते दिल्ली : सतराशे साठ किलोमीटर,
दोन तास पन्नास मिनिटं.
मध्ये कुठेतरी तुझं घर लागेल
हे लिहायला तिकिटावर जागा नसते.

बाबा असते तर म्हणाले असते,
"लागते ना. एक तास पंचविसाव्या मिनिटाला.
वारा समोरून असला तर तीन मिनिटं जास्त धर."

बत्तीस वर्षं बाबा सोनेगावला
पडदे ओढलेल्या खोलीत बसून
विमानांशी बोलत राहिले,
बहुतेक न उतरणाऱ्या विमानांशी.
ती दक्षिणेकडून यायची, नाव सांगायची, उंची सांगायची,
आणि हद्द संपली की
दुसऱ्याच कुणाच्या कानात निघून जायची.
घरी आले तरी सवय सुटायची नाही.
गोंदियाच्या प्रमिलाआत्याकडे? "नऊ मिनिटं."
वर्धा? "पाच. बूट घालायला जास्त लागतात."
आणि आम्ही भंडाऱ्याच्या स्टँडवर
पुढची बस लागायची वाट बघत,
हातात गार आलूबोंडे.
आई घड्याळ पुढे करायची,
"तुमची नऊ मिनिटं सकाळी आठला सुरू झाली."

त्यांच्याही आधी आजोबा.
त्याच धावपट्टीवर मध्यरात्री
चार शहरांची डाकविमानं उतरायची,
आपसात पोती बदलून उडून जायची.
आजोबा पोती उचलायचे.
सकाळी घरी येत तेव्हा खांद्याला
तागाचा वास.
देशभरची पत्रं त्या खांद्यावरून गेली,
आमच्या पत्त्यावर एकही आलं नाही.

काल रात्री मी खिडकीची जागा मागून घेतली.
आईला आधीच सांगितलं होतं :
नऊ चाळीसला गच्चीवर जा, टॉर्च तीनदा मार.
"अवं माय, मी काय सिग्नल आहे का?"

खाली उजेड सांडलेला,
त्यात एक काळी चकती : अंबाझरी,
नाहीतर गोरेवाडा.
वर्धा रोड ओळखला. बहुतेक.
म्हणजे खामला तिथे, त्या पिवळ्या रांगेच्या डावीकडे.
नीट बघावं म्हणून बोटानं काच पुसली
तर बोटाखाली अख्खा मोहल्ला गेला.

आमच्यात तेव्हा अकरा किलोमीटर होते.
घरापासून हिंगण्याइतके.
बाबांची स्कूटर अर्ध्या तासात पोचवायची,
मध्ये पान खायला थांबूनसुद्धा.
फक्त हे अकरा उभे होते.
ते उतरायचे तर आधी दिल्ली गाठायची,
पट्ट्यावरून बॅग उचलायची,
रात्र लोखंडी खुर्चीत काढायची,
साडेआठशे किलोमीटर उलटं यायचं,
आणि त्यासाठी सुट्टी मागायची.
सुट्टी मी दिवाळीतच संपवली.

दोन मिनिटांत शहर पंखाखाली गेलं.
मी मान वळवून बघत राहिले,
शेजारचे गृहस्थ झोपेत माझ्याकडे कलंडले.

दिल्लीला उतरल्या उतरल्या फोन केला.
"दिसला गं. तीनदा. एकदम स्पष्ट."
पलीकडे थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.
मग आई म्हणाली,
"मी गेलीच नव्हती वर. गुडघा धरला.
अन् टॉर्चचे सेल बाबाच्या रेडिओत आहेत,
ते मी काढत नाही."

मी काही बोलले नाही.

"तसेही लागोपाठ दोन गेले," ती म्हणाली,
"एक चाळीसला, एक त्रेचाळीसला.
तू कोण्यात होती?"