बोट वर करा

परळला, धर्मशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर,
गुरुवारी तीन वाजता
आम्ही सतरंजीवर आडवे होतो, ओळीनं,
वाळत घातलेल्या पापडांसारखे.

डाबरेबाई वसईहून येते.
पिशवीत सहा वाट्या, काशाच्या,
जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या.
पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं,
यानं गाठ विरघळत नाही.
गाठीचं डॉक्टर बघतील,
आपण उरलेल्या माणसाकडे बघू.

मला ते 'उरलेल्या' आवडलं.

काशाची वाटी मला ठाऊक होती ती वेगळी.
वैशाखात आई तळपायांना तूप लावून घासायची,
वाटी काळी झाली की म्हणायची, बघ, निघाली उष्णता.
ती वाटी वाजते, हे मात्र
पंचाहत्तरीत कळलं.

मी एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर.
ट्रंक एक्स्चेंज, फोर्ट, रात्रपाळी.
रत्नागिरी बोला, रत्नागिरी, तीन मिनिटं झाली.
किती जणांचं रडणं मी वेळेवर तोडलं.
मयताची बातमी असली तर
चार सेकंद जास्त द्यायचे,
हे कुठल्या नियमात नव्हतं.

आता चौथ्या सलाईननंतर
माझ्याच कानात लाईन लागून राहिली आहे.
बारीक, अखंड, एकच सूर.
नंबर कुणी फिरवत नाही,
रिसीव्हर कुणी ठेवत नाही.
औषधाचा परिणाम, डॉक्टर म्हणाले. जाईल.
मग फाईलकडे बघत म्हणाले, राहीलही.

डाबरेबाईला सांगितलं तर ती म्हणाली,
कसा वाजतो? गाऊन दाखवा.
पाहायला आलेल्या मंडळींनंतर
असं म्हणणारी ही पहिलीच.
कोरड्या तोंडानं मी ईऽऽ केलं.
ती एकेक वाटी वाजवत गेली
आणि चौथीपाशी थांबली.
हीच ना?

हीच.

तेवढा वेळ माझ्या डोक्यातलं ते
डोक्याबाहेर होतं,
खोलीत, पंख्याखाली,
सगळ्यांच्या मालकीचं.

शेवटी ती मोठी वाटी घेते.
एकच टोला. डोळे मिटा,
ऐकू येईनासं झालं की बोट वर करा.
मी डोळे मिटत नाही. जुनी सवय,
कोण कधी लाईनवरून गेलं ते बघायची.

पहिलं बोट तांडेलमामांचं.
वरळीचे, घशाचे.
चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी काढल्यावर
कानात उरणार किती?
पण वाटी छातीवर ठेवली की हसतात,
हातानं खूण करतात, चालू झालं इंजिन.
मग हसीना. मग तिची नणंद,
जी आजारी नाही, नुसती थकली आहे.
सगळ्यांत शेवटी रुपेश, गोंदियाचा, नऊ वर्षांचा,
कानटोपी वर सरकवून, श्वास रोखून,
पार टोकापर्यंत जाऊन येतो.

माझं बोट वर जातच नाही.
वाटी कुठं संपली, मी कुठं सुरू झाले,
ते मला सांगता येत नाही.
पाठारे आजी, रुपेश विचारतो,
तुमचं अजून संपलं नाही?
नाही रे. चालू आहे.

मागच्या गुरुवारी तांडेलमामांची जागा
कुणी भरली नाही, सतरंजीही सरकवली नाही.
डाबरेबाईनं टोला दिला.
नाद फिरला, पातळ झाला,
खिडकीशी गेला, तिथं पुलावरच्या हॉर्नात मिसळला.
संपला असावा.
सगळ्यांचे डोळे मिटलेले,
एकही बोट वर नाही.
रुपेशचंसुद्धा नाही.

चार सेकंद.
मी मोजले, मनात, पूर्वीसारखे.

मग खाली सामायिक ओट्यावर
कुणाचा तरी कुकर झाला,
आणि आम्ही एकमेकांना हात देत उठलो,
सतरंज्या झटकायला.