ब्रोकन बोमधली पाल

इथे पाली नसतात.
उणे अठरा अंशांत भिंतीवर टिकणार कोण?
तरी जानेवारीतल्या एका मंगळवारी, पहाटे साडेपाचला,
किल्ली फिरवली
आणि बॉनेटखाली चुकचुकली.

दोन मिनिटांत गप्प. इंजिन तापलं, मी विसरलो.

नेब्रास्कातल्या या गावाचं नाव सांगितलं तेव्हा
आई फोनवर हसली होती:
धनुष्य मोडलंय म्हणजे स्वयंवर आटोपलं,
तू उशिरा पोचलास.

धान्याच्या कोठारावर मी मक्यातला ओलावा मोजतो.
अर्धा टक्का जास्त निघाला तर भाव कापतो,
पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवणारे दांडगे पुरुष
माझ्या हातातल्या आकड्याकडे बघत उभे राहतात.
असा मी
त्या आवाजाला सहा आठवडे
थंडीमुळे असेल म्हणत राहिलो.

गाडी डोरीन व्होबोरिलची. म्हणजे तिच्या नवऱ्याची.
प्रत्येक ऑइलबदल त्याने एका वहीत
पेन्सिलीने लिहून ठेवला होता, तारीख, मैल, फिल्टर.
शेवटच्या नोंदीनंतर अकरा हजार मैल.
ते कुणी लिहिले नाहीत.

हायवे दोनवर, ॲन्सल्मोच्या पुढे,
वाळूच्या टेकड्या सुरू होतात तिथे रस्ता सपाट होतो,
पाय हलका ठेवला की पडद्यावर आठाचे चार होतात.
आठांतले चार झोपी जातात, पेट्रोल वाचतं.
मला ते आवडायचं. कुणाला न दुखवता केलेली काटकसर.
त्या दिवशी आठ परत आलेच नाहीत.
पिवळा दिवा उघडझाप करू लागला, स्टिअरिंगला कापरं भरलं,
आणि पाल आता दिवसाढवळ्या, थांबायचं नावच नाही.

लाइल कुचेरा एका कानाने बहिरा आहे.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याने इंजिनावर टेकवलं,
मूठ चांगल्या कानामागच्या हाडाला लावली,
डोळे मिटले.
मग मूठ माझ्याकडे केली. घे, तू ऐक.

चार दिवसांनी लिफ्टर माझ्या तळहातावर.
अंगठ्याएवढा. चाक एका बाजूने चपटं,
कॅमचा उंचवटा त्याने खरवडून खाल्लेला.
लाइल सांगत होता:
झोपायची वेळ झाली की तेलाच्या दाबाने आतली पिन मागे सरते.
मग कॅम ढकलत राहतो, हा नुसती मान हलवतो,
व्हॉल्व्ह जागचा हलत नाही.
परत हाक आली की पिन खट्‌कन बसायला हवी.
याची अर्धी बसली.
नेहमी राबणारे चार ठणठणीत आहेत, तो म्हणाला,
आणि हात पुसत बिलाचा आकडा सांगितला.

गावात मराठी बोलायला कुणी नाही.
रविवारी आईचा फोन येतो,
पहिली दोन वाक्यं माझी अडखळतात.
सर्दी झालीय का, ती विचारते.

त्याच जातीचे नवे बसवू,
लाइलने विचारलं, की झोपच काढून टाकू?
मैल कमी पडतील.
मी दोन रात्री कागदावर हिशेब मांडला.
हिशेब नव्या लिफ्टरांच्या बाजूने निघाला.
सकाळी जाऊन म्हणालो, झोप काढून टाक.

आता आठही सतत चालतात. पेट्रोल ढोसते गाडी,
ॲन्सल्मोपर्यंतच्या सपाटीवरसुद्धा.
चढावर काहीच फरक नाही.

मार्चमध्ये डोरीन किराण्याच्या दुकानात भेटली.
बटाट्यांची पिशवी छातीशी धरून विचारलं,
कशी आहे रे ती?
चांगली आहे, मी म्हणालो.
तो फार जपायचा तिला, ती म्हणाली,
मला त्यातलं काही कळत नसे.
वहीत दिसतं, मी म्हणालो.

त्या रात्री वही काढली.
तारीख, मैल, फिल्टर.
पेन्सिल शोधायला वेळ लागला.
त्याच्या शेवटच्या ओळीखाली
चार बोटं जागा सोडली,
मग लिहिलं.