चार तारांची केबल

सावद्याला, केळी पिकवायच्या तीन नंबरच्या खोलीबाहेर
रिकाम्या क्रेटवर लॅपटॉप,
आणि तळहातावर मावेल एवढा हिरवा बोर्ड.
त्याला पडदा नाही, कळफलक नाही.
वायफाय इथं नाहीच; मोबाइलची रेंज
गेटपाशी, लिंबाखाली उभं राहिलं तर.
बोलायचं तर एकच वाट, यूएसबीची.

रात्री घरी कार्डावरच्या फाइलींत
दोन ओळी वाढवून आणल्या होत्या:
बाबा रे, कुणी जोडलं तुला
तर नेटवर्क कार्डाचं सोंग घे.

जोडलं. दिवा लागला.
लॅपटॉपला पत्ताच नाही.
कार्ड काढलं, शर्टाला पुसलं, पुन्हा बसवलं.
दारात लोटूभाऊ, हातात वही.
अकरा वर्षं दर दोन तासांनी या खोल्यांचं तापमान
त्यांनी उतरवलंय, रात्रीचं दोनचं, चारचंसुद्धा.
ते आता बोर्डानं उतरवायचं.
शेठनं त्यांना सांगितलंय का,
मी विचारलं नाही.

"दिवा तं लागला ना भो?"
"लागतो. बोलत नाही."
"मंग वायरच मुकी असीन."

मी हसलो, आणि केबल हातात घेऊन पाहिली.
कुठल्याशा पंख्याबरोबर आलेली.
आत लाल आणि काळी, दोनच तारा.
हिरवी नाही, पांढरी नाही.
ताट वाढून न बोलता उठून जाणारी.

फैजपूर रोडवरून दुसरी आणली, चार तारांची.
घाईत ती भलत्याच तोंडात खुपसली;
याला तोंडं दोन, एक नुसतं खायचं.
"माणसाचं बरंय," लोटूभाऊ म्हणाले,
आणि पुढचं बोलले नाहीत.

मग लॅपटॉपवर एक नवं नाव उगवलं.
त्याला हातानं पत्ता दिला:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, सात, एक.
बोर्ड सात, दोन.
एका आळीतली दोन घरं,
मध्ये हातभर रस्ता.

हाक मारली. पहिली वाया गेली.
दुसरीला ओ आली. तिसरीला. चौथीला.
लोटूभाऊ सवयीनं वहीच्या पुठ्ठ्यावर
उभ्या रेघा मारत होते, पाचवी आडवी.

आत शिरलो. सोळा पॉइंट चार.
त्यांनी दाराच्या काचेतून काटा पाहिला:
"साडेसोळा. खोटं नाही बोलत."

फक्त तारीख चुकलेली.
वीज गेली की काळ विसरतो तो, आत सेल नाही.
त्याच्या लेखी मार्च होता, पहाटेचे तीन सतरा;
इकडे दिवाळी आठ दिवसांवर.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात चार वाजून सात.
पण लोटूभाऊंनी मनगट पुढं केलं होतं,
चावीचं घड्याळ, दोऱ्यानं शिवलेला पट्टा.
चार वाजून बारा.
वहीतली अकरा वर्षं याच घड्याळाची.

मी बारा टाकले.