चाळीस फेऱ्या

इन्व्हरकार्गिलला जूनमध्ये पाचलाच अंधारतं.
तमाती पराटा थंड खोका काउंटरवर ठेवतो,
जॅकेट अजून निथळतंय.
"दोनशे सातचं रक्त, मोरॅग. आणि नाकातले फाये."

दोनशे सात म्हणजे सहा आठवड्यांचं पिल्लू, डावा कान काळा.
काचेपलीकडून एकदाच पाहिलंय मी त्याला,
बादलीशी भांडत होतं.

त्याच्याजवळ जायचं तर आधी अंघोळ,
मग तिथलेच कपडे, तिथलेच बूट,
निघताना पुन्हा अंघोळ.
एवढं सोवळं माझ्या आजोबांच्या चर्चमध्येही नव्हतं.

याचे पूर्वज कुणी दक्षिणेच्या एका बेटावर सोडून गेलं होतं,
जहाज फुटलंच कधी,
तर वाचलेल्यांच्या पोटाला काही असावं म्हणून.
माणसं थोडी आली. वारा भरपूर आला.
पिढ्यानपिढ्या कुणाची शिंक लागली नाही त्यांना.

आता नळीत थेंब, यंत्रात नळी.
तापव, निवव, दुप्पट कर,
पुन्हा तापव.
एक जरी लपला असेल
तरी अब्जावधी होऊन समोर येईल,
असा हिशेब.

रेघ पडद्याच्या तळाशी चिकटून सरकत राहते.
मार्चमध्ये एक रेघ चौतिसाव्या फेरीला
हळूच मान वर काढून उभी राहिली होती.
त्या गोठ्यातलं कुणीच उरलं नाही.
तमाती आठवडाभर डबा गाडीत बसून खात होता.

अहवालात नुसतं 'नाही' लिहायची सोय नसते.
'आढळला नाही' लिहायचं.
अकरा वर्षं मी हा जास्तीचा शब्द टाइप करतेय.

कारण हा आईच्या श्वासातून येतो,
अंगात कुठेतरी मुरून बसतो,
मग रक्ताला विचारा, रक्त कानांवर हात ठेवतं.
म्हणून दोनशे सातला
जन्मल्या दिवशीच आईपासून उचललं.
बाटलीवर वाढलं ते,
रात्रपाळीच्या दोन मुलींच्या हातचं.

हात धुताना आरशात दिसतं,
माझ्या ओठाच्या कोपऱ्याला ताप फुटलाय.
झोप मोडली, थंडी वाढली की येतोच.
मी तीन वर्षांची असेन,
आईचा ओठ उतला होता,
तरी तिने माझा पापा घेतला.
ती गेली त्याला नऊ वर्षं झाली.
हा राहिलाय,
गालामागच्या कुठल्याशा नसेत निजून,
हिवाळ्यात एकदा कूस बदलतो.

दोनशे सातच्या गोठ्यात
मला कुणी दारातही उभं केलं नसतं.

एकोणचाळीस. चाळीस.
रेघ सपाट.

उत्तरेला कुठल्यातरी वॉर्डात कुणीतरी
आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडलेलं.
त्याचं नाव आमच्यापर्यंत येत नाही,
पिल्लाचा नंबर त्याच्यापर्यंत जात नाही.

आढळला नाही. सही. तारीख.
तमाती गाडीचा हॉर्न वाजवतो, घरी सोडतो म्हणाला होता.
दिवा घालवण्याआधी
मी जिभेने तो फोड चाचपते.
दुखतोय अजून.