निळं तिकीट

डुलूथच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या गावात,
आमच्या शाळेत जेवणाची तिकिटं दोन रंगांची होती.
पिवळं, पैसे भरणाऱ्यांचं.
निळं, ज्यांच्या बापाला खाणीनं घरी बसवलं त्यांचं.

मी माझं मुठीत इतकं दाबायचे
की वाढणाऱ्या बाईला बोटं उलगडावी लागायची.
अर्लीस कोस्किनेन मात्र ते ओठांत धरून यायची,
सिगारेटसारखं.

हॉकीवाल्यांचं टेबल खिडकीशी, बँडवाल्यांचं भिंतीला.
आम्ही दोघी कचऱ्याच्या पिंपाजवळ.
"शेवटी सगळे इथेच येतात,"
अर्लीस म्हणायची, "ट्रे झटकायला."

अकरावीत खिडकीकडून कुणीतरी मला हात केला.
मी उठले.
अर्लीसनं फक्त माझा उरलेला बटाटा मागून घेतला.
त्या टेबलावर वर्षभर काय बोललो,
एक शब्द आठवत नाही.

आता दर नोव्हेंबरात तिच्याच गॅरेजात
बर्फातले टायर चढवून घेते.
बिलात ती पाच डॉलर कमीच लावते.
"अगं, पूर्ण घे," म्हटलं
की ओठांत पेन्सिल धरून हसते

आणि बावन्नाव्या वर्षी
कोटाच्या खिशात
माझी मूठ आपोआप मिटते.